परीक्षणं आली, आता एडिटला बस

अरे, तुझा मेसेज वाचला, साखर कारखान्याच्या निवडणुकीवरच्या तुझ्या पिक्चरच्या परीक्षणांचे सगळे स्क्रीनशॉट पण बघितले. चांगली परीक्षणं वर आणि शिव्या खाली असं लावून पाठवलंयस ते कळलं मला 😄 पण त्या वरच्यातली निम्मी काढूनच टाक. "एवढ्या कमी बजेटमध्ये कौतुकास्पद प्रयत्न" असं ज्यांनी ज्यांनी लिहिलंय त्यांनी पिक्चरबद्दल काहीच लिहिलेलं नाही, ते तुझ्या खिशाबद्दल बोलतायत. तिकीट काढून बसलेल्या माणसाला तुझ्या खिशाशी काय घेणं? आता कुणीतरी तुला दिग्दर्शक नोलनचं उदाहरण देणारच, त्याचा 1998 चा फॉलोइंग पिक्चर कसा सहा हजार डॉलरच्या आसपास झाला आणि शनिवार-शनिवार करून कसा शूट केला वगैरे. ते खरंय, पण लोक तो अजून बघतात ते गोष्ट धरून ठेवते म्हणून, स्वस्तात झाला म्हणून नाही.

कॅमेऱ्याचं कौतुक पण जरा हातचं राखून घे. कृष्णेचा घाट संध्याकाळी दाखवला की 'देखणं छायाचित्रण' आपोआप लिहिलं जातं, वाईच्या घाटानं आजवर कितीतरी हिंदी पिक्चर फुकटात देखणे केलेत, गंगाजलमध्ये तर वाईचं बिहार करून टाकलंय.

आता जिथं तू चिडलायस तिथं येतो. पुण्याच्या त्या बाईंनी लिहिलंय की मधला अर्धा तास काही घडतच नाही, हिरो नुसता उसाच्या कडेला उभा राहतो, आणि कोण कुठल्या पॅनेलचा, म्हणजे निवडणुकीतल्या कुठल्या गटाचा, तेच कळत नाही. आणि इकडं सांगलीच्या शोला आपली माणसं म्हणाली की चेअरमन बोलेरोतनं उतरला तेव्हाच सगळं कळलं, पण उसाचा भाग लई भारी. तू म्हणतोस दोघं एकमेकांच्या विरुद्ध बोलतायत म्हणजे दोन्ही सोडून द्यायचं. अजिबात नको, दोघं बरोबर आहेत आणि दोघांचं बोलणं एकाच जागेवर, त्या उसाच्या भागावर येतं.

आपल्याकडच्या माणसाला सांगावं लागत नाही की कारखान्याच्या चेअरमनच्या विरोधात गेलं की ऊस तोडायला टोळी येत नाही, तोड लांबते, शेजारच्याचा ऊस गाडीत भरून जातो आणि आपला तसाच उभा, मग तुरा येतो, ऊस आतनं पोकळ पडायला लागतो, वजन घटतं, आणि हंगाम संपायला आला की पाया पडायला जावंच लागतं. ना मारामारी ना धमकीचा फोन, तरी धमकीच ती. तुझ्या पिक्चरमधला हा सगळ्यात भीतीदायक भाग आहे आणि तो फक्त सातारा-सांगली-कोल्हापूरवाल्याला दिसतो, बाकीच्यांना हिरवं रान दिसतं. त्या बाईंना कंटाळा आला ही त्यांची चूक नाही, प्रत्येक दिवसामागं त्या घराचं किती नुकसान होतंय हे तू त्यांना मोजूनच दिलं नाहीस.

यावर तू आता काय करशील ते मला माहितीय, दोन म्हातारी माणसं पारावर बसवून एकमेकांना सहकार समजावून सांगतील असा सीन लिहिशील. नको रे बाबा. तुझा हिरो कारखान्याच्या काट्यावर कामाला आहे ना? मग रोज दुसऱ्यांच्या उसाचं वजन तोच तर करतोय! डिस्प्लेवरच्या आकड्यांचे शॉट तुझ्या हार्डडिस्कमध्ये पडून आहेत, त्यातले दोनच वापरलेस. शेजाऱ्याची गाडी, चुलत्याची गाडी, आकडा, तारीख, मग परत बापाचं उभं रान, एवढं केलंस तरी मुंबईचा माणूस पण घड्याळ बघायला लागेल. सामना पिक्चर आठव. तो 1975 साली बर्लिनच्या स्पर्धेत होता, तिथं बसलेल्या किती जणांना सहकारी कारखानदारी ठाऊक असणार? पण एक माणूस गायब आहे आणि त्याचं पुढं काय झालं हे मास्तर विचारायचं सोडत नाही, एवढं धरलं की बाकीचं मागोमाग येतं. तुझ्याकडं तसं उसाचं वजन आहे.

बोलेरोचं सोपं आहे, चेअरमनला आधी भला माणूस म्हणून बघू दे लोकांना, पंधरा मिनिटं तरी. लग्नात आहेर करताना दाखव, दवाखान्यात फोन लावताना दाखव. आपल्याकडं ते तसे असतातच की.

आणि तू ज्याला 'फालतू कमेंट' म्हणालास तो पतसंस्थेतला क्लार्क, त्यानं लिहिलंय की मतमोजणीला ईव्हीएम कशी काय? बरोबर पकडलंय त्यानं. कारखान्याच्या निवडणुकीत मतपत्रिका असतात, मतदारसंघाच्या गटाप्रमाणे वेगळ्या, गठ्ठे बांधून टेबलावर मोजतात, एकेक बाद मतावरनं तासभर वाद चालतो. थ्रिलरसाठी याहून चांगलं काय पाहिजे तुला! एवढ्या परीक्षणांत हे एकाही समीक्षकाला दिसलं नाही. तो सीन परत शूट कर, शाळेची एक खोली, टेबलं आणि रंगीत कागद, खर्च काहीच नाही.

'संथ' हा शब्द चौघांनी वापरलाय. माझ्या मते त्यातला निम्मा संथपणा आवाजाचा आहे. ऑफिसातल्या सीनला पंख्याची घरघर एवढी आहे की शब्द पकडायला कान लावून बसावं लागतं, आणि माणूस कान लावून दमला की एडिट संथ आहे म्हणतो. समीक्षकाला कुठं दुखलं ते नक्की कळतं, का दुखलं ते तुलाच शोधायचंय.

दोन्ही गटांच्या कार्यकर्त्यांनी एक-एक स्टार दिलाय तो सोडून दे, ते परीक्षण नाही, ते निवडणुकीचंच काम चालू आहे त्यांचं. पण मित्रांना दहा-दहा स्टार द्यायला लावलेस ते थांबव, तो पण तसलाच प्रकार.

त्या बाईंना लिहिलेलं लांबलचक उत्तर पाठवू नको. फक्त एक ओळ पाठव, नेमकं कुठल्या सीनला पॅनेलचा गोंधळ व्हायला लागला ते विचार, सांगतील त्या. आणि रविवारी सांगलीला येताना हार्डडिस्कबरोबर रेकॉर्डरच्या मूळ फाइली वेगळ्या घेऊन ये, व्हिडिओतला आवाज मला नकोय.

तुझा,
काका