जुनी रॅले सायकल मिळाली? आधी पान्हा खाली ठेव

अभिनंदन! पण लगेच रंग खरवडायला बसू नकोस. मूळ रंग आणि त्यावरच्या सोनेरी रेघा एकदा गेल्या की गेल्या. मऊ फडक्याने पूस, बास. मागच्या चाकात स्टर्मी-आर्चर कंपनीचा 3 गिअरचा हब (चाकाचा मधला तुंबा) असेल तर त्यावरचे आकडे बघ. 'एडब्ल्यू' या मॉडेलच्या नावासोबत 58 आणि 3 दिसले, तर तो हब मार्च 1958 चा. (सायकलही तेव्हाचीच असेल असं नाही, चाकं बदललेली असतात.)

खरी परीक्षा कॉटर पिनची, म्हणजे क्रँक (पेडलची दांडी) आसाला जखडून ठेवणाऱ्या पाचरीची. नुसता हातोडा हाणलास तर ती वाकते आणि आणखी घट्ट बसते. माझी पहिली पिन अशीच गेली, शेवटी ड्रिलने काढावी लागली. आधी तेल सोड, रात्रभर थांब, क्रँकखाली लोखंडी नळीचा भक्कम टेकू दे, मग एकच दणका. नवी घेताना जुनी पिन दुकानात ने. रॅलेला साडेनऊ मिलिमीटरची लागते. नऊची घातलीस तर क्रँक डुलणारच.

पहिली सफर पुण्याहून खडकवासल्यापर्यंत, तीही कोरड्या दिवसांत. क्रोमची रिम ओली झाली की दांडीचे ब्रेक नुसते घासतात, थांबवत नाहीत. घाटात मी आजही उतरून, सायकल हातात धरून चालतो. लोक हसतात. हसू देत.