लक्षणांवरून मालवेअरचा प्रकार कसा ओळखावा?

आपण लिहिले आहे की, गेल्या महिन्याभरापासून आपला लॅपटॉप फार संथ झाला आहे, काही काम चालू नसतानाही पंखा जोरात फिरतो आणि पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात ‘आपल्या संगणकात पाच व्हायरस सापडले आहेत’ अशा सूचना सारख्या येतात. तर हा कोणता व्हायरस आहे आणि लक्षणांवरून तो कसा ओळखायचा? मी ठाण्यात वागळे इस्टेटमधील काही लहान कारखान्यांचे आणि नौपाड्यातील दवाखान्यांचे व दुकानांचे संगणक सांभाळते, त्यामुळे हा प्रश्न मला थोड्याफार फरकाने जवळजवळ रोज विचारला जातो. ही तिन्ही लक्षणे एकाच रोगाची आहेत असे कृपया धरून चालू नका. माझ्या अंदाजाने त्यांची निदान दोन वेगळी कारणे आहेत आणि त्यांतल्या एकाला तर मालवेअर, म्हणजे घातक हेतूने बनवलेला प्रोग्राम, म्हणताच येणार नाही.

निदान करताना मी नावांपासून सुरुवात करत नाही. व्हायरस, वर्म आणि ट्रोजन ही नावे तो प्रोग्राम आत कसा येतो आणि कसा पसरतो हे सांगतात: व्हायरस दुसऱ्या फाइलला चिकटून पसरतो, वर्म नेटवर्कवरून किंवा पेन ड्राइव्हवरून आपण होऊन पसरतो, तर ट्रोजन एखाद्या उपयोगी वस्तूचा वेष घेऊन आपल्याच हातून आत येतो. संगणकासमोर बसलेल्याला मात्र हे पसरणे दिसत नाही. त्याला दिसते ते आत आल्यावर चाललेले उद्योग. म्हणून मी आधी विचारते की, यातून कोणाला आणि कशाचे पैसे मिळत असतील? जाहिरातींवर कमावणाऱ्याला आपल्या नजरेस पडावेच लागते, आपल्या प्रोसेसरवर आभासी चलन काढणाऱ्याला यंत्र तापवावे लागते, खंडणी मागणाऱ्याला शेवटी चिठ्ठी ठेवावीच लागते, आणि पासवर्ड चोरणाऱ्याचे सगळे हित आपल्याला काहीच न कळण्यात असते. हा हिशेब लक्षात ठेवला तर बहुतेक लक्षणांचा उलगडा होतो.

आधी कोपऱ्यातल्या सूचना पाहू. सूचनेकडे बारकाईने पाहिलेत तर तिच्यावर क्रोमचे चिन्ह आणि एखाद्या अनोळखी संकेतस्थळाचे नाव लहान अक्षरांत दिसेल. कधीतरी फुकट चित्रपट किंवा क्रिकेटचा सामना पाहताना ‘आपण रोबो नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाउ दाबा’ असे आले असेल आणि कोणीतरी ते दाबले असेल. त्या एका दाबण्याने त्या संकेतस्थळाला सूचना पाठवण्याची रीतसर परवानगी मिळाली. संगणकात एकही फाइल शिरलेली नाही, म्हणूनच कितीही वेळा स्कॅन केले तरी काही सापडत नाही. क्रोमच्या सेटिंग्जमधील साइट सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन्स उघडून अनोळखी नावे काढून टाकली की हा त्रास तिथल्या तिथे थांबतो. सूचनेवर टिचकी मारून ते ‘व्हायरस काढणारे’ सॉफ्टवेअर मात्र अजिबात घेऊ नका. कधी पूर्ण पडदा व्यापून कर्कश आवाजासह एखादा फोन नंबर दिसू लागला तर एस्केप कळ काही क्षण दाबून धरा, किंवा टास्क मॅनेजरमधून (चालू प्रोग्रामांची यादी दाखवणाऱ्या विंडोजच्या खिडकीतून) ब्राउझर बंद करा. मायक्रोसॉफ्ट आपल्या त्रुटीसंदेशांत फोन नंबर देत नाही, त्यामुळे नंबर दिसला की समोर ठकसेन आहे हे नक्की समजावे.

याच्या शेजारचा, पण खरा मालवेअर म्हणजे ब्राउझर हायजॅकर. ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत काहीही शोधले की गूगलऐवजी भलतेच पान उघडणे, मुखपृष्ठ बदलून पूर्ववत केले तरी पुन्हा बदलणे आणि आपण न टाकलेले एक्स्टेंशन (ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्राम) काढल्यावर परत हजर होणे, ही त्याची खूण. यात हे परत येणे महत्त्वाचे आहे, कारण त्याचा अर्थ ब्राउझरच्या बाहेर, संगणकात कुठेतरी त्याला पुन्हा बसवणारा प्रोग्राम आहे.

आता संथपणा आणि पंखा. माझ्याकडे ‘व्हायरस आला आहे’ म्हणून येणाऱ्या संथ लॅपटॉपांपैकी बहुतेकांत मालवेअर नसतोच. चार जीबी रॅम, जुनी फिरती हार्ड डिस्क आणि मागे चाललेले विंडोज अपडेट एवढे कारण पुरेसे असते. घोडबंदर रोडच्या बाजूने येणाऱ्या लॅपटॉपांत तर पंख्याच्या जाळीवर बांधकामाच्या धुळीचा नमद्यासारखा थर मी कित्येकदा चिमट्याने सोलून काढला आहे. तरीही क्रिप्टोमायनरची, म्हणजे आपल्या यंत्रावर गुपचूप आभासी चलन काढणाऱ्या प्रोग्रामची, शंका फेडून घ्यावी आणि त्यासाठी कान उपयोगी पडतात. सगळे प्रोग्राम बंद करून पाच मिनिटे लॅपटॉपजवळ शांत बसा. पंखा जोरात असताना कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा. उघडताना प्रोसेसरचा आकडा क्षणभर वर जातो, त्याकडे लक्ष देऊ नका. पण टास्क मॅनेजर उघडा असेपर्यंत पंखा शांत राहिला आणि बंद केल्यावर मिनिटभरात पुन्हा घोंगावू लागला, तर कोणीतरी आपल्याला पाहून लपत आहे, कारण बरेच मायनर टास्क मॅनेजर दिसताच काम थांबवतात. यादीत ओळखीचे नाव दिसले म्हणूनही निर्धास्त होऊ नये. त्या ओळीवर उजवी टिचकी मारून फाइलचे ठिकाण उघडावे. ‘एसव्हीसीहोस्ट’ नावाची खरी फाइल विंडोजच्या सिस्टिम ३२ फोल्डरमध्ये असते, आणि तीच जर आपल्या नावाच्या ॲपडेटा फोल्डरमधून चालत असेल तर ती खोटी आहे.

पेन ड्राइव्हचे लक्षण तर आपल्याकडे अगदी घरचे झाले आहे. झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढून आणलेला पेन ड्राइव्ह घरी लावला की सगळ्या फोल्डरांच्या जागी एक-दोन केबींचे शॉर्टकट दिसतात आणि प्रकल्प गेला म्हणून मुले रडकुंडीला येतात. हा वर्म आहे. फाइली जागेवरच असतात, फक्त लपवलेल्या असतात आणि शॉर्टकट उघडला की आधी वर्म चालतो, मग आपले फोल्डर उघडते. म्हणून शॉर्टकट न उघडता, आधी स्कॅन करून मग लपवलेल्या फाइली दाखवण्याची सोय चालू करावी. पेन ड्राइव्ह फॉरमॅट करण्याची घाई करू नये.

आणखी एक लक्षण मी फार गंभीर मानते. अँटीव्हायरस आपोआप बंद पडणे, चालू करायला गेल्यास घरच्या लॅपटॉपवरही ‘ही सेटिंग आपला प्रशासक सांभाळतो’ असे उत्तर येणे, किंवा बाकी सारे इंटरनेट नीट चालत असताना केवळ अँटीव्हायरस कंपन्यांची संकेतस्थळे न उघडणे. २००८ साली पसरलेला कॉन्फिकर वर्म याच शेवटच्या खुणेवरून ओळखता येत असे. असे दिसले तर एखादा ट्रोजन मुख्य कामासाठी जागा मोकळी करत आहे असे समजा आणि त्या संगणकावरून बँकेचे व्यवहार ताबडतोब थांबवा.

ते मुख्य काम अनेकदा रॅन्समवेअरचे, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या मालवेअरचे असते. वागळे इस्टेटमधील एका छोट्या कारखान्यातून मला सोमवारी सकाळी फोन आला, ‘ताई, टॅली उघडत नाही आणि सगळ्या फाइलींची चित्रं पांढरी झाली आहेत.’ मी पोहोचले तेव्हा प्रत्येक फाइलच्या नावाला शेवटी चार अनोळखी अक्षरांचे शेपूट लागलेले होते आणि फोल्डराफोल्डरात एकच मजकूर पडला होता: ९८० डॉलर द्या, ७२ तासांत संपर्क केलात तर निम्मे. शनिवारी हिशेबनीसांनी पीडीएफ जोडण्याचे क्रॅक केलेले सॉफ्टवेअर टाकले होते. थोड्या वेळाने विंडोज अपडेटसारखी खिडकी दिसू लागली, म्हणून संगणक चालू ठेवून ते घरी गेले. ती खिडकी खोटी होती आणि तिच्या आड फाइली कुलूपबंद होत होत्या. बॅकअपची डिस्कही जोडलेलीच असल्यामुळे तीही गेली. त्यांच्या सीएंकडे मार्चअखेरची प्रत होती, पुढच्या तीन महिन्यांच्या नोंदी कागदी बिलांवरून पुन्हा भराव्या लागल्या. ती बिले लावून देताना हिशेबनीसांचे हात थरथरत होते, ते मला अजून आठवते. म्हणून सांगते: एकामागून एक फाइली उघडेनाशा झाल्या आणि डिस्कचा दिवा विझतच नसेल तर पॉवरचे बटण दाबून धरून संगणक बंद करा, नेटवर्कची तार आणि बाहेरची डिस्क काढा. कुलूपबंद फाइली पुसू नका. युरोपोल, डच पोलीस आणि दोन सुरक्षा कंपन्यांनी २०१६ साली सुरू केलेल्या ‘नो मोर रॅन्सम’ या संकेतस्थळावर काही प्रकारांच्या किल्ल्या फुकट मिळतात आणि आज नसलेली किल्ली पुढे मिळू शकते.

लक्षण फसवेही असू शकते. २७ जून २०१७ रोजी आपल्या शेजारी न्हावा शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदरातील मर्स्क या जहाज कंपनीच्या समूहाच्या टर्मिनलचे काम नॉटपेट्या नावाच्या ज्या मालवेअरने ठप्प केले, तो संगणक पुन्हा सुरू करून डिस्क दुरुस्तीचा पडदा दाखवत असे आणि त्या वेळात डिस्कची अनुक्रमणिकाच निकामी करत असे. नंतर खंडणीची चिठ्ठी येई, पण पैसे भरूनही काही परत मिळण्याची व्यवस्था त्यात नव्हती. दिसायला रॅन्समवेअर, पण प्रत्यक्षात विध्वंसक.

सर्वांत जास्त काळजी मला इन्फोस्टीलरची, म्हणजे पासवर्ड चोरणाऱ्या मालवेअरची वाटते, कारण त्याचे लक्षण संगणकावर दिसतच नाही. ऐरोलीला राहणारा माझा भाचा एका गेमच्या पानावर गेला असता ‘पडताळणीसाठी विंडोज आणि आर दाबा, मग पेस्ट करून एंटर दाबा’ अशी सूचना आली आणि त्याने ती पाळली. खिडकी क्षणभर चमकून गेली, एवढेच. लॅपटॉप पूर्वीइतकाच वेगवान होता आणि स्कॅनमध्येही काही निघाले नाही. दोन दिवसांनी त्याच्या इन्स्टाग्रामवर आभासी चलनाच्या जाहिराती झळकू लागल्या, तेही ओटीपी न येता. लॉगिन केल्यावर संकेतस्थळ ब्राउझरपाशी एक ओळखखूण ठेवते, म्हणून आपल्याला दर वेळी पासवर्ड विचारला जात नाही. चोराने पासवर्डांबरोबर तीच खूण उचलली होती. अनोळखी ठिकाणाहून लॉगिन झाल्याची मेल, आपण न मागितलेला ओटीपी, मित्रांना आपल्या नावाने गेलेले संदेश ही त्याची लक्षणे. अशा वेळी दुसऱ्या स्वच्छ यंत्रावरून आधी ईमेलचा आणि मग बाकीचे पासवर्ड बदलावेत आणि सर्व उपकरणांवरून लॉगआउट करावे. त्याच लॅपटॉपवर बसून पासवर्ड बदलले तर नवे पासवर्डही चोराच्याच हाती पडण्याची भीती असते.

आपल्यापुरते सांगायचे तर आज क्रोममधील नोटिफिकेशन्स साफ करा, पंख्याची वरील चाचणी करा आणि मग विंडोज सिक्युरिटीमधून डिफेंडरचा (विंडोजबरोबरच येणाऱ्या अँटीव्हायरसचा) ऑफलाइन स्कॅन चालवा. त्यात संगणक पुन्हा सुरू होऊन विंडोज उघडण्यापूर्वीच तपासणी होते, त्यामुळे चालू विंडोजमध्ये लपणाऱ्यांना लपायला जागा कमी मिळते; साधारण १५ मिनिटे लागतात. विंडोज १० असेल तर तिचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, हेही पाहून घ्या. गेल्या महिन्यात कोणतेही क्रॅक केलेले सॉफ्टवेअर टाकले असल्यास, स्कॅन स्वच्छ आला तरी फोनवरून पासवर्ड बदला, आणि खात्यातून पैसे गेलेले दिसले तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा. चाचणीत पंखा लपंडाव करतो आहे असे आढळले, तर टास्क मॅनेजरमधील वरच्या तीन ओळींची नावे आणि त्या फाइलींची ठिकाणे लिहून पाठवा. त्यावरून पुढे काय काढायचे ते मी नेमके सांगू शकेन.