घोडबंदरचं टेंडर: पाकीट शोधू नका, अटी वाचा

तुमचा प्रश्न असा की गायमुख-फाउंटन हॉटेल बोगदा आणि भाईंदरच्या उन्नत मार्गाचं टेंडर रद्द झालं, पण कुणी पैसे घेतल्याचं सिद्ध झालेलं नाही, मग गैरप्रकार म्हणायचं तरी कशाच्या जोरावर? ठाण्यात ठेकेदारांकडे टेंडर भरण्याचं काम मी बरीच वर्षं केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी नेमकं काय झालं ते. एमएमआरडीएची (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) ही दोन्ही कामं मिळून सुमारे 14 हजार कोटींची. एल अँड टी तांत्रिक छाननीत बाद झाली आणि का बाद केलं ते तिला कळवलं गेलं नाही. एमएमआरडीएचं म्हणणं, टेंडरच्या अटींप्रमाणे बाद केल्याचं कारण काम दुसऱ्याला दिल्यावरच कळवायचं असतं. मे 2025 मध्ये उच्च न्यायालयाने कंपनीला दिलासा नाकारला. सर्वोच्च न्यायालयात एल अँड टीने सांगितलं, की आमचा दर छाननीत टिकलेल्या मेघा इंजिनीअरिंग या कंपनीपेक्षा दोन्ही कामांत मिळून 3 हजार कोटींहून जास्त कमी आहे. फेरनिविदा काढणार का, असं न्यायालयाने विचारल्यावर एमएमआरडीएने दोन्ही टेंडरं मागे घेतली.

लोक यावर ‘कुणी किती खाल्ले’ एवढंच बोलतात. मला त्यापेक्षा ती अट जास्त खटकते. बाद झालेल्याला कारण कळायच्या आत वर्क ऑर्डर निघाली, तर दाद मागून उपयोग काय? तोवर यंत्रं साइटवर आलेली असतात आणि काम थांबवणं जनहिताचं नाही, हा युक्तिवाद तयार असतो.

खरा प्रभाव अटी लिहिताना पडतो. माझ्या समोरचं एक उदाहरण देतो, खातं सांगत नाही. रस्त्याचं साधं काम होतं. आधी सगळ्यांना भरता येईल असं टेंडर निघालं, मग प्री-बिड मीटिंगनंतर (टेंडर भरण्याआधी ठेकेदारांची होणारी बैठक) अटी बदलणारं शुद्धिपत्रक आलं: काँक्रीट तयार करणारा बॅचिंग प्लांट स्वतःच्या मालकीचा आणि साइटपासून अमुक किलोमीटरच्या आत हवा. तेवढ्या अंतरात प्लांट एकाच ठेकेदाराचा होता. आमच्या ऑफिसमध्ये ते पान वाचलं आणि कुणी काही न बोलता फाइल बंद केली. काम कुणाला जाणार हे लिफाफे उघडण्याआधीच सगळ्यांना कळलं होतं. कागदोपत्री मात्र सगळं नियमात.

आता निवडणूक रोख्यांकडे, म्हणजे नाव उघड न करता पक्षांना देणगी देण्याच्या योजनेकडे. 15 फेब्रुवारी 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने ही योजना घटनाबाह्य ठरवली, तेव्हा कुठे नावं बाहेर आली. मेघा इंजिनीअरिंगने 966 कोटींचे रोखे घेतले होते. सर्वात मोठा वाटा भाजपला गेला, पण तेलंगणातल्या बीआरएसला आणि द्रमुकलाही मिळाले. ठाणे-बोरिवली बोगद्याचं कामही 2023 मध्ये याच कंपनीला मिळालं. एवढ्यावरून देवाणघेवाण सिद्ध होत नाही, आणि तसं छातीठोक सांगणाऱ्यांशी मी सहमत नाही. पण संशय घ्यायला जागा ठेवली कुणी? कंपनीने देणगी किती द्यावी याला पूर्वी मर्यादा होती, तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्के. 2017 च्या वित्त कायद्याने ती काढली आणि 2024 च्या त्या निकालापर्यंत तोट्यातल्या कंपनीलाही वाट मोकळी होती. टेंडरची अट असो की हा बदल, दोन्हीकडे आधी नियम बदलला, मग त्या नियमात सगळं बसलं. मला राग येतो तो याचा.

तुम्ही घोडबंदर रोडला राहता, रोज त्या कोंडीत अडकता, म्हणून हे तुमच्यासाठी नुसतं राजकारण नाही. राज्य सरकारच्या महाटेंडर्स पोर्टलवर कुठल्याही मोठ्या कामाची शुद्धिपत्रकं उघडा आणि मूळ अटींशी ताडून पाहा. पात्रतेची अट शेवटच्या काही दिवसांत बदलली असेल, तर त्या बदलानंतर किती जण शिल्लक राहिले ते बघा. काम दिल्यानंतर माहिती अधिकारात तांत्रिक छाननीचा अहवाल मागा, तोंडी चौकशी करत बसू नका. व्यापारी गुपित म्हणून कलम 8(1)(d) दाखवून नकार येण्याची शक्यता मोठी आहे. तो आला तर 30 दिवसांत पहिलं अपील करा आणि जनहित मोठं असेल तर माहिती देता येते हे त्याच कलमातलं वाक्य अर्जात शब्दशः उतरवा. अपिलाचा मसुदा हवा असेल तर इथेच सांगा, मी लिहून देतो.