युरोपात ऑडिओलॉजिस्ट व्हायचे असेल तर

प्रश्न : माझी भाची मुंबईत बीएएसएलपीच्या (वाचा आणि श्रवण या विषयांतील पदवीच्या) शेवटच्या वर्षाला असून पुढील शिक्षण युरोपात घेऊन तिथेच ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे श्रवणतज्ज्ञ, म्हणून नोकरी करण्याचा तिचा विचार आहे. ब्रिटन, जर्मनी आणि स्वीडन यांपैकी कोणता देश निवडावा?
– एक वाचक, सातारा

उत्तर : विद्यापीठांची नावे पाहण्याआधी, त्या देशात श्रवणतपासणीचे आणि श्रवणयंत्र बसवण्याचे काम कायद्याने कोणाकडे सोपवले आहे, हे तिने पाहावे, असा माझा आग्रह आहे. आपल्याकडे बीएएसएलपीच्या चार वर्षांत वाचा आणि श्रवण हे दोन्ही विषय एकत्र शिकवले जातात. युरोपात मात्र बहुतेक ठिकाणी हे दोन वेगळे पेशे आहेत. इटलीत तर श्रवण मोजणारा आणि श्रवणयंत्र बसवणारा यांच्यासाठीही तीन-तीन वर्षांच्या स्वतंत्र पदव्या आहेत.

जर्मनीची व्यवस्था आपल्या विद्यार्थ्यांना सर्वांत अनोळखी वाटते. तिथे श्रवणयंत्र बसवणारा ‘ह्योरआकुस्टिकर’ हा परंपरेने कारागिरांच्या व्यवसायांत मोडतो. तीन वर्षांच्या प्रशिक्षणात उमेदवार दुकानात काम करत शिकतो आणि शाळेच्या सत्रांसाठी ल्युबेक येथील अकादमीत जातो. कानाच्या नळीत धागा बांधलेला स्पंजाचा छोटा बोळा सरकवून त्यापुढे सिलिकॉनची लगदी भरायची, ती घट्ट झाल्यावर अलगद बाहेर काढायची आणि त्या ठशावरून रुग्णाच्या कानाचा साचा घडवायचा, हे हातचे कसब तिथे मनापासून शिकवले जाते. स्वतःचे दुकान काढायचे तर साधारणपणे त्यापुढची ‘माइस्टर’ परीक्षा द्यावी लागते. ल्युबेक, ओल्डेनबुर्ग आणि आलेन येथे या विषयाच्या पदव्याही मिळतात, पण त्यांचा कल तंत्रज्ञान आणि संशोधनाकडे अधिक आहे. रुग्णांत काम करण्याची ओढ असलेल्या मुलीने केवळ जर्मनीच्या नावावर भाळून अर्ज करू नये, असे मला वाटते.

स्वीडनमध्ये ‘ऑडिओनोम’, म्हणजे तिथला ऑडिओलॉजिस्ट, हा परवानाधारक आरोग्यसेवक असतो. लुंड, योतेबोरी, एरेब्रू आणि स्टॉकहोमची कारोलिन्स्का या संस्थांत तीन वर्षांची पदवी घेतल्यावर सोशालस्टिरेल्सेन हे सरकारी मंडळ परवाना देते. शिक्षण उत्तम आहे, परंतु ते स्वीडिश भाषेत असते आणि वृद्ध रुग्णाची तक्रार त्याच्याच भाषेत ऐकून घेण्याला पर्याय नाही. भाषेसाठी एक-दोन वर्षे देण्याची तयारी असेल, तर हा मार्ग मी आनंदाने सुचवेन.

इंग्रजीमुळे ब्रिटन सोपे वाटते, आणि बीएएसएलपीनंतर एमएस्सी करण्यासाठी साउथॅम्प्टन किंवा मँचेस्टर यांचा विचार जरूर करावा. मात्र तिथे ‘ऑडिओलॉजिस्ट’ या पदनामाला कायद्याचे संरक्षण नाही. ते ‘हिअरिंग एड डिस्पेन्सर’ (श्रवणयंत्र बसवून देणारा) या पदनामाला आहे आणि त्याची नोंदणी एचसीपीसी (हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिल) ही संस्था करते. त्यामुळे निवडलेला अभ्यासक्रम या नोंदणीस पात्र ठरवतो का आणि त्यात रुग्णालयातील प्रत्यक्ष काम किती आहे, हे प्रवेशशुल्क भरण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे. निव्वळ सैद्धांतिक एमएस्सी केलेल्या विद्यार्थ्याला तिथे रुग्ण तपासण्याचा अधिकार आपोआप मिळत नाही.

आणखी एक गैरसमज फार पसरलेला आहे. एका युरोपीय देशातील पदवी दुसऱ्या देशात आपोआप चालते, असे अनेकांना वाटते. युरोपीय संघाच्या 2005 च्या निर्देशानुसार डॉक्टर, परिचारिका, सुईणी, दंतवैद्य, पशुवैद्य, औषधनिर्माते आणि वास्तुविशारद यांना ही सोय आहे. ऑडिओलॉजिस्ट त्या यादीत नाहीत. त्यांचा अर्ज प्रत्येक देश स्वतंत्रपणे तपासतो.

प्रश्न : मी भौतिकशास्त्रात एमएस्सी केले आहे. मला या क्षेत्रात वाव आहे का?
– एक वाचक, बेळगाव

उत्तर : नेदरलँड्समध्ये तर तीच मुख्य वाट आहे. तेथील श्रवणकेंद्रांतील ‘क्लिनिकल फिजिसिस्ट–ऑडिओलॉजिस्ट’ हे भौतिकशास्त्र किंवा तत्सम विषयातील पदव्युत्तर पदवीनंतर चार वर्षांचे रुग्णालयीन प्रशिक्षण घेतात. जागा थोड्या असतात आणि डच भाषा यावीच लागते. त्यामुळे भाषेचा वर्ग आजच सुरू करावा आणि दरम्यान ध्वनिशास्त्र व संकेतप्रक्रिया (सिग्नल प्रोसेसिंग) या विषयांचा अभ्यास पक्का करावा.