येशूची शिकवण रोजच्या आयुष्यात पाळणं खरंच जमतं का? सुरुवात कुठून करावी? प्रार्थना किती वेळ, उपास कधी?

जमतं. पण लोक भलतीकडून सुरुवात करतात. 'क्षमा करा' इथून. तेही दुसऱ्याला सांगण्यापासून.

माझ्या चुलतभावाने धंद्यासाठी माझ्याकडून उसने पैसे घेतले. मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, त्याचा शब्द चालतो, देवाने आपल्यासाठी काय केलं याची साक्षही फार सुंदर देतो. मुदत टळली तसं मी विचारायला लागलो. रोज पहाटे फोनवर त्याचं बायबलमधलं वचन यायचं, मागे सूर्योदयाचं चित्र. मी खाली लिहायचो, "दादा, पैशांचं कधी जमेल?" दोन निळ्या खुणा उमटायच्या. उत्तर नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा वचन, पुन्हा सूर्योदय. शेवटी एकदा समोरासमोर गाठलं, तर म्हणाला, "सत्तर वेळा सात क्षमा करायला सांगितलंय ना प्रभूने?" वर चर्चच्या पाळकांकडे माझीच तक्रार, की मी मनात कटुता ठेवून प्रभुभोजनाला, म्हणजे भाकरी-द्राक्षारसाच्या विधीला, बसतो!

बरं, सत्तर वेळा सात म्हणतोस ना, मग त्याच अध्यायात पुढे वाच की. मत्तय १८, म्हणजे बायबलमधल्या मत्तयाच्या पुस्तकाचा अठरावा अध्याय. येशूने सांगितलेली गोष्ट आहे. एका चाकरावर राजाचं १०,००० तालांत कर्ज. एक तालांत म्हणजे सुमारे ६,००० दिनार आणि एक दिनार ही मजुराची दिवसाची मजुरी. म्हणजे ६ कोटी दिवसांची मजुरी, सात जन्मांत न फिटणारी. दुसरा चाकर या पहिल्याचं देणं लागतो, अवघं १०० दिनार. पण दोघेही पाया पडून एकच म्हणतात: थोडा धीर धरा, फेडतो. आमच्या दादाच्या तोंडून हे वाक्य आजवर निघालेलं नाही.

लूक १७:३ तर त्याहून स्पष्ट आहे. भावाने अपराध केला तर त्याला दटाव, पस्तावला तर क्षमा कर. यातलं दटावणं मंडळीत कुणाला आठवत नाही. जक्कय नावाच्या जकातदाराने लुबाडलेलं चौपट परत करायची तयारी दाखवली, त्यानंतर येशू म्हणाला, आज या घराला तारण मिळालं.

म्हणून माझं उत्तर: सुरुवात मत्तय ५:२३-२४ पासून करा. वेदीपाशी दान आणलंय आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. येशू हे बोलला उत्तरेकडच्या गालील प्रांतात, वेदी दूर यरुशलेमच्या मंदिरात. ऐकणाऱ्यांना ती काही दिवसांची पायपीट होती. दान वेदीपुढे टाकून एवढं मागे जायचं! आणि जायचं कुणी? ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याने. तेव्हा आपण कुणाकुणाचं देणं लागतो, कुणाला काय बोललो, ते आधी आठवा आणि त्या दारी जा. पहाटेचं वचन नंतर पाठवलंत तरी चालेल.

आता कुणीतरी लूक ६:३५ काढेलच, परत मिळण्याची आशा न धरता उसनं द्या म्हणून. मान्य. ती आज्ञा मला आहे आणि ती मला जड जाते, हेही खरं. म्हणून मी आता मागणं सोडलंय. पण ती देणाऱ्याला आहे, घेणाऱ्याने ती पाठ करून काय करायचंय?

प्रार्थना किती वेळ, उपास कधी, हे तुम्ही विचारलं होतं ते राहिलंच. ते तुमच्या पाळकांना विचारा, माझ्यापेक्षा नीट सांगतील.