“सिस्टर, तीन मोजा”

“मॅडम, मी दगड झालेय. ती पोरगी गेली त्या दुपारी मी डबा खाल्ला. अख्खा.”

लहान मुलांच्या कॅन्सर वॉर्डात नऊ वर्षं काम करणारी ही परिचारिका. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) गेलेली मुलगी सात वर्षांची, ब्लड कॅन्सरची. सलाईनची नळी साफ करायला (लाईन फ्लश) गेलं की म्हणायची, “सिस्टर, तीन मोजा.” दोन तासांत त्या बेडवर दुसरं मूल आलं. पूर्वी ही बाथरूममध्ये जाऊन रडायची, आता डोळ्यांत टिपूस नाही. या कामातल्या कितीतरी जणी मला हेच विचारतात: मी दगड झालेय का?

मी तिला त्या दिवसाची ड्यूटी विचारली. पलीकडच्या मुलाला व्हिनक्रिस्टिन हे कॅन्सरचं औषध द्यायचं होतं. ते शिरेतूनच द्यायचं. चुकून पाठीच्या कण्यात गेलं तर मूल दगावतं. म्हणून दोघींनी नाव, औषध, मार्ग मोठ्याने वाचायचा. शेजारी गेलेल्या मुलीची आई टाहो फोडत असताना हिने तो वाचला. तिथे डोळे भरून चाललंच नसतं.

“आणि घरी?”

“लेकीच्या वेण्या घालते.” ती थांबली. “घालता घालता बोटं मानेकडे जातात. गाठ चाचपते. नडगीवर निळा डाग दिसला की पोटात गोळा येतो.”

बोलताना तिची बोटं स्वतःच्याच मानेवर होती. मी म्हटलं, “बघा, कुठे आहेत ती.”

तेव्हा तिला रडू आलं.

कार्ला जॉइन्सन यांनी १९९२ मध्ये परिचारिकांविषयी लिहिताना याला ‘कम्पॅशन फटीग’ म्हटलं. मी म्हणते, माया थकलीय. झोप उडाली, कामात चुका व्हायला लागल्या, जगणं नकोसं वाटलं, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जायलाच हवं. तिचं तिथवर गेलं नव्हतं.

आम्ही दोनच गोष्टी ठरवल्या. वॉर्डात दगावलेली मुलंच दिसतात. बरी झालेली ओपीडीत येतात, ती हिला दिसतच नाहीत. म्हणून महिन्यातून एक दुपार ओपीडीत जायचं. दुसरी गोष्ट जोनाथन बार्टेल्स या अमेरिकन परिचारकाने रुजवलेली: रुग्ण गेला की सगळ्यांनी मिनिटभर शांत उभं राहायचं.

परवा तिचा फोन आला. वॉर्डातल्या मावशी धुतलेली चादर हातात धरून थांबल्या होत्या. म्हणाल्या, “सिस्टर, आधी पोराचं नाव घ्या. मग अंथरते.”