पंखे फिरतायत पण डिस्प्ले नाही, म्हणून मदरबोर्ड गेला असं नसतंय

ताई, तुमचं सगळं वाचलं. खानापुरात चार दिवस पावसाची झड, लाइट येऊन-जाऊन, आणि पाचव्या दिवशी झेरॉक्सच्या दुकानातला पीसी लावला तर पंखे फिरतायत, समोरची लाइट लागतेय, पण मॉनिटरवर नो सिग्नल आणि बीपसुद्धा नाही. बेळगावात दाखवलं तर दोन मिनिटं बघून बोर्ड गेलाय, नऊ हजार होतील म्हणाले. आत्ता पैसे देऊ नका एवढंच माझं पहिलं सांगणं. बोर्ड गेलाय हे दोन मिनिटात कळत नाही, बाकीचं एकेक बाजूला काढत गेल्यावर शेवटी जे उरतंय त्याच्यावर बोट ठेवायचं असतंय.

आधी तो बीप. आजकाल बऱ्याच कॅबिनेटमध्ये स्पीकरच नसतोय, मग बीप येणार कुठनं? चार पिनांच्या सॉकेटचा छोटा स्पीकर मिळतोय, चहा-भज्याच्या पैशात, तो आणा आणि बोर्डावर स्पीकर लिहिलेल्या पिनांवर लावा. मग प्लग काढून रॅमच्या, म्हणजे मेमरीच्या, दोन्ही पट्ट्या काढा, आणि रॅमशिवाय चालू करा. ही माझी सगळ्यात आवडती टेस्ट आहे. लांब लांब बीप सुरू झाले तर आनंद माना, कारण रॅम नाही हे ओळखायला सुद्धा प्रोसेसर चालावा लागतोय, बायोस, म्हणजे पीसी चालू होताना पहिला चालणारा प्रोग्राम, वाचता यावा लागतोय, म्हणजे बोर्ड बऱ्यापैकी जिवंत आहे. मग दोष रॅममध्ये नाहीतर तिच्या स्लॉटमध्ये. तुमची डीडीआर३ ची (रॅमच्या जुन्या प्रकारातली) पट्टी, त्यात आपल्याकडचा पावसाळी ओलावा, सोनेरी दातांवर थर बसतोय. साधा पांढरा खोडरबर हलक्या हातानं घासा, कण ब्रशनं झाडा, आणि एकच पट्टी एका स्लॉटात, मग तीच दुसऱ्यात, मग दुसरी पट्टी, असं फिरवून बघा. दोन्ही बाजूच्या क्लिपा टक् करून बसल्या पाहिजेत, अर्धवट बसलेली रॅम हे मी सगळ्यात जास्त वेळा बघितलेलं कारण आहे.

रॅम काढून पण गप्पच राहिला तर मग पॉवरकडे या. पंखे फिरतायत म्हणजे एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लायचा डबा, चांगला असं समजू नका, पंखा १२ व्होल्टवर फिरतोय आणि व्होल्टेज थोडं कमी पडलं तरी फिरतोय. प्रोसेसरला वेगळी चार किंवा आठ पिनांची वायर असतेय, बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात, ती सैल असेल तर नेमकं तुमच्यासारखंच होतंय, पंखे चालू आणि पुढं काही नाही. ती काढून आणि एकदा घट्ट बसवा. मल्टिमीटर असणारा कुणी ओळखीचा असेल तर चालू असताना हार्डडिस्कच्या जुन्या चार पिनांच्या वायरीत बघायला सांगा, पिवळ्या-काळ्यात ११.४ ते १२.६ व्होल्ट, लाल-काळ्यात ४.७५ ते ५.२५ व्होल्ट, याच्या बाहेर गेलं की एसएमपीएस बदलायचा. लाइट येऊन-जाऊन झाल्यावर पहिला मार तोच खातोय. पण त्याचा डबा उघडू नका हां, प्लग काढल्यावर सुद्धा आतल्या कपॅसिटरात, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, जीवघेणा करंट राहू शकतोय.

बोर्डावरचा नाण्यासारखा सेल, सीआर२०३२, तो पण प्लग काढून दहा मिनिटं बाहेर ठेवा, बायोसचं सेटिंग बिघडलेलं असलं तर मूळ जागी येतंय. नवा सेल मल्टिमीटरवर तीन व्होल्टच्या थोडा वर दाखवतोय, अडीचच्या आसपास असेल तर बदलूनच टाका. प्रोसेसरजवळचे कपॅसिटर, छोट्या गोल डब्यांसारखे दिसतात ते, पण बघा, डोकं फुगलंय किंवा तपकिरी काहीतरी बाहेर आलंय असं दिसलं तर मात्र बोर्डावर संशय घ्यायला खरं कारण मिळालं.

आणि एक गोष्ट, जी कुणी बघत नाही. मी तेरा वर्षं बेळगावात रिपेरीचं काम केलं, सुरुवातीच्या काळात एका टायपिंगवाल्या काकांचा बोर्ड मी बदलायला लावला, नवा बोर्ड घातला तरी तेच, पंखे फिरतायत, स्क्रीन काळी. शेवटी सापडलं काय, तर कॅबिनेटचं रिसेट बटण आत अडकून बसलं होतं. रिसेट दाबलेलंच राहिलं की प्रोसेसर सुरूच होत नाही, बीप पण देत नाही. काकांचे पैसे मी परत केले पण ती चूक माझी होती आणि ती अजून सलतेय. म्हणून समोरच्या पॅनेलच्या सगळ्या वायरी काढा, आणि पॉवर स्विचच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं क्षणभर टेकवून चालू करा. त्यातच प्रिंटर, पेनड्राइव्ह, हार्डडिस्क, डीव्हीडी सगळं सोडवा, फक्त बोर्ड, प्रोसेसर, एक रॅम आणि मॉनिटर. आत हात घालायच्या आधी प्लग काढून पॉवर बटण पंधरा सेकंद दाबून धरा आणि कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावा.

गिऱ्हाइकांच्या फायलींची काळजी लिहिलीय तुम्ही. मशीन डिस्कपर्यंत पोचायच्या आधीच अडकतंय, त्यामुळं डेटा बहुतेक आहे तसाच असणार, आजच डिस्क काढून शेजारच्या कुणाच्या पीसीला सॅटा वायरीनं जोडा आणि कॉपी करून घ्या, रिपेरी नंतर. रॅमशिवाय बीप आले का आणि किती आले तेवढं इथं लिहा, लांब की छोटे ते पण, मग पुढचं सांगतो.